भातखाचरातले दगडी खांब

मी बदलापूरला आठ दिवस राहून आलो असं सांगितलं, की आमच्या दहिवडीत लोक पहिला प्रश्न विचारतात, "बारवीचं धरण पाहिलंत का?" पाटबंधारे खात्यात उभा जन्म काढलेला माणूस तिकडं गेला म्हणजे धरण बघूनच येणार, अशी त्यांची समजूत. मी धरण पाहिलं नाही. मी भाताच्या खाचरात बसून, लोक चिखलात भोकं पाडून त्यांत खडी भरत होते ते पाहिलं. हे ऐकलं की माणसं विषय बदलतात आणि पावसापाण्याचं विचारतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. ज्याला नको असेल त्यानं पान उलटावं.

मी ओव्हरसियर होतो. माण तालुक्यात लहानमोठे बंधारे बांधले. आमच्याकडे पाया म्हणजे कातळ. मुरूम लागला, थांबू या का, असं कुणी विचारलं की मी पहार मागायचो आणि अजून खाली जायला लावायचो. पहार ठणकन वाजली की पाया झाला. हे मी इतकी वर्षं इतक्या लोकांना ऐकवलंय, की माझी मुलगी वैशाली लहानपणी माझी नक्कल करताना पहार आपटल्यासारखं करायची.

हीच वैशाली आता इंजिनिअर आहे, आणि जिथं कातळ सापडत नाही तिथली मऊ जमीन पक्की करण्याचं काम करते. बदलापूरजवळच्या एका पाड्यावर शाळा बांधायची होती. तिथलं पायाखालची जमीन पक्की करायचं काम तिच्यावर एकटीवर सोपवलं होतं, पहिल्यांदाच. तिनं फोन केला. "आप्पा, या बघायला. फक्त साइटवर लोकांसमोर बोलायचं नाही." मी बरं म्हटलं. दोघांनाही ठाऊक होतं की हे काही जमणार नाही.

कात्रप

तिची खोली बदलापुरातच, कात्रपला, तिसऱ्या मजल्यावर. दिवाळी होऊन गेली होती तरी हवेला ओल होती. आमच्याकडे या दिवसांत ओठ फुटतात, इथं मीठ पाणी सोडतं. मी पिशवीतून बाजरीचं पीठ, शेंगाची चटणी आणि छत्री काढली. छत्री बघून ती हसायला लागली.

"पाऊस गेला आप्पा."

"असू दे. सवय आहे."

ही छत्री म्हणजे आमच्या घरातलं एक जुनं माणूस आहे. काळी, लाकडी दांड्याची, मोठ्या घेराची. बंधाऱ्याच्या कामावर जमिनीची उंची मोजायला लेव्हल नावाची दुर्बीण तीन पायांवर उभी करतात. तिच्यावर ऊन पडलं की आतला बुडबुडा सरकतो आणि माप चुकतं. म्हणून यंत्रावर छत्री धरायला एक माणूस लागतो. वैशाली सात वर्षांची होती तेव्हा सुट्टीत माझ्याबरोबर यायची आणि ते काम तिनं हट्टानं मागून घेतलं होतं. दोन्ही हातांनी दांडा धरून ती तासन्‌तास हलायची नाही. मी लेव्हलबुकात शेऱ्याच्या रकान्यात लिहायचो, "छत्री : वैशाली." साहेब तपासणीला आले की ते वाचून गालात हसायचे.

रात्री जेवायला भात, सकाळी तांदळाच्या पिठाची घावनं, दुपारच्या डब्यात परत भात. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच बाजरीची भाकरी थापली. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई थापण्याचा आवाज ऐकून दारात आल्या आणि एक भाकरी घेऊन गेल्या. थोड्या वेळानं ताटलीत ओल्या काजूची उसळ आली, कोकणातल्या गावाहून आणून बर्फात जपलेले काजू. आमच्याकडे अशी भाजी फक्त लग्नात ऐकायला मिळते.

शिरगावच्या पुढे

शिरगावच्या पुढे इमारती एकदम संपतात आणि खाचरं लागतात. कापणी होऊन गेलेली, धसकटं उभी, बांधावर करवंदांसारखी झुडपं. त्यातलंच एक खाचर शाळेसाठी मिळालं होतं. ते दिलं होतं यमुनाबाईंनी. साठीच्या, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेल्या. बोलताना माणसाकडं न बघता भाताकडं बघतात.

त्यांच्याकडून कळलं ते असं. पाड्याची जुनी शाळा दोन खोल्यांची होती. मऊ जमिनीत एक भिंत खचली, तडा एवढा मोठा की हात जाईल. शाळा बंद केली. तेव्हापासून मुलं समाजमंदिराच्या हॉलमध्ये बसतात, चार इयत्ता एकाच खोलीत. आता नवी इमारत मंजूर झाली होती, पण अट अशी, की जमीन वजन पेलते हे चाचणीनं दाखवायचं. नाही पेललं तर शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे जाणार.

"मंग आमची पोरा काय त्यो रस्ता वलांडतील?" यमुनाबाई म्हणाल्या. "मोठ्या गाड्या नुसत्या धावत्यात. चार दिस जातील नि बसतील घरी. पोरी तर पयल्या."

तर प्रश्न एवढाच होता. खाचर वजन पेलतं की नाही.

मी बूट काढून खाचरात उतरलो आणि पहार मागितली. पहार हातभर आत गेली, जरा जोर दिला तर आणखी गेली. ठणकन वगैरे काही नाही. मी वैशालीकडं बघितलं. तिनं आधीच दुसरीकडं तोंड केलं होतं.

मशिनवर बाळाराम नावाचा मुकादम होता. वांगणीकडचा, चाळिशीचा, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटखाली गुंडाळलेला पंचा. काम असं चाललं होतं : एक रुंद लोखंडी नळी चिखलात खाली उतरवायची. आतला चिखल काढून टाकायचा. मग त्यात खडी ओतायची, वरून मोठा घण सोडून ठोकायची, नळी थोडी वर ओढायची, परत खडी, परत घण. असं करत वरपर्यंत यायचं. नळी बाहेर येते आणि जमिनीत खडीचा एक खांब उरतो. सिमेंट नाही, सळई नाही. असे खांब अख्ख्या खाचरात, रोप लावल्यासारखे ठराविक अंतरावर.

"आणि हे सुटे दगड धरून कोण ठेवणार?" मी विचारलंच.

"चिखल," वैशाली म्हणाली. "आप्पा, बाजरीचं पोतं. रिकामं पोतं उभं राहतं का? ठोकून ठोकून भरलं की राहतं. दगड ठोकले की बाजूला फुगतात, चिखलाला दाबतात. चिखल त्यांना धरतो. शिवाय चिखलातलं पाणी दगडांच्या फटींतून वर निघून जातं आणि तो घट्ट होत जातो."

"पोतं सुतळीनं शिवतात."

"आप्पा."

 बाळाराम मात्र माझ्या बाजूला आला. "काका, मला पण पहिले असंच वाटायचं. पण कान देऊन ऐका. पहिला घण बसतो तेव्हा भसकन होतं. नंतर आवाज बदलतो. आवाज बदलला नाही तर मी नळी वर घेतच नाय, मॅडम कितीपण ओरडू दे. घाईत नळी वर खेचली तर चिखल आत घुसतो, मग खांब मधेच कापला गेला समजायचं."

मी दिवसभर कान देऊन बसलो. आवाज खरंच बदलत होता. माझ्या पहारीसारखा ठणका नव्हता तो, पण पोकळही नव्हता. हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

उल्हासनगर

चाचणीच्या दोन दिवस आधी जॅक गळायला लागला. या जॅकनंच खांबावर वजन द्यायचं होतं. आतलं रबराचं सील गेलं होतं आणि नवीन मागवायचं तर आठवडा. बाळाराम म्हणाला, "उल्हासनगर कशाला आहे मग?" आणि मला बरोबर घेतलं, बहुतेक वैशालीनंच मला तासभर लांब न्यायला सांगितलं असावं.

कॅम्पातल्या एका गल्लीत लछूभाईंचं दुकान. दुकान म्हणजे दोन माणसं बसतील एवढी जागा, बाकी सगळीकडे रबर, पितळ आणि तेलाचा वास. लछूभाई सिंधी, सत्तरी गाठलेले, नाकाच्या टोकावर चष्मा. आम्ही आत शिरलो तसं त्यांनी जॅककडं पाहिलंही नाही, आधी आतून भाजलेला पापड आणि पाण्याचा तांब्या आला.

"पहिले पापड-पाणी, साईं. मशीन कुठे पळून चाललं नाही."

आमच्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात. उन्हातून आलेल्या माणसाला गोड बरं, असं मी इतके दिवस समजत होतो. पण मिऱ्यांचा तो पापड आणि वर गार पाणी, घामेजलेल्या अंगाला तेच बरं वाटलं. घरी आल्यावर मी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "मग आता पाहुण्यांना पापड भाजत बसू का?" म्हणजे ही सुधारणा आमच्याकडे येणार नाही.

लछूभाईंनी सील हातात फिरवलं, नखानं खरवडलं. "कसला काम आहे?"

बाळारामनं सांगितलं. शाळा, चिखल, खडीचे खांब.

"अरे वा. माझे वडील फाळणीत सिंधहून आले तेव्हा इथे बॅरकी होत्या मिलिट्रीच्या. जमीन पण नवी, माणूस पण नवा. वाटत होतं टिकणार नाही." त्यांनी एक जाड रबराची चकती काढून लेथवर चढवली. "टिकलो ना. आपस में दबके बसलो, म्हणून टिकलो. कल नहीं, आज ही ले जाओ."

बाळाराम माझ्याकडं बघून हसला. आमचं पोत्याचं बोलणं त्यानं ऐकलेलं होतं. तासाभरात सील तयार झालं. निघताना लछूभाईंनी मला पापडाचं एक पाकीट दिलं आणि नको म्हटलं तर रागावले.

अंबरनाथ

परतताना बाळारामला अंबरनाथमध्ये वेल्डिंग रॉड घ्यायचे होते, तेवढ्यात मी रिक्षा करून शिवमंदिर पाहून आलो. काळा पाषाण, आमच्या बंधाऱ्यांचाच भाऊ. कोरीव मूर्ती पाहायला येतात लोक, मी खालचा थर पाहत होतो, दगड दगडावर कसा बसवलाय ते. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. आत गार, पायाखाली ओल.

संध्याकाळी वैशालीला म्हटलं, "बघ, दगडावर दगड. हजार वर्षं टिकलंय."

"त्याच्याही खाली काय आहे, पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं. तिनं माझ्या ताटात भात वाढला.

चाचणीचा दिवस

एका खांबावर लोखंडाची जाड ताटली ठेवली होती. तिच्यावर जॅक. त्याच्या वर तुळयांचा माचा आणि माच्यावर वाळूच्या गोण्यांचा डोंगर. जॅक त्या डोंगराला वर ढकलायला जातो आणि तेवढंच वजन खाली खांबावर येतं. खांब किती दबतो ते मोजायला शेजारी एक लांब लोखंडी पट्टी, दोन टोकांना दूर ठोकलेल्या खुंटांवर टेकवलेली. पट्टीला घड्याळासारखे चार गेज बसवलेले आणि त्यांची टोकं ताटलीवर. पट्टी जागची हलायची नाही. ताटली खाली गेली की काटा सांगणार किती. बारा मिलिमीटरच्या आत राहिली तर खांब पास. पूर्ण वजन सकाळी द्यायचं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तसंच ठेवायचं.

पट्टीवर ऊन येऊ नये म्हणून चार बांबूंवर निळी ताडपत्री बांधलेली. ती ताडपत्री यमुनाबाईंनी दिली होती. मीही तिच्याच सावलीत, जरा लांब, खुर्ची टाकून बसलो होतो.

पूर्ण वजन चढलं तेव्हा काटा सहाच्या आसपास स्थिर झाला. वैशालीनं पहिल्यांदा चहा मागितला. ती, बाळाराम आणि बाकीचे लोक चहाला झाडाखाली गेले. तेवढ्यात आभाळ भरून आलं, अवेळीच. वारा सुटला. यमुनाबाई बांधावरून धावत आल्या.

"माजी ताडपत्री द्या हो. खल्यावर भात उघडाच हाय. भिजला तर कोंब येतील."

मी शेतकऱ्याचा पोर. उघडं धान्य आणि भरून आलेलं आभाळ पाहिलं की माझे हात विचारत नाहीत. मी उठलो आणि चारही गाठी स्वतः सोडल्या. एक घट्ट होती ती दातांनी सोडली. ताडपत्रीची घडी करून त्यांच्या डोक्यावर दिली. आभाळ एवढं काळं होतं की सावली गेल्याचं जाणवलंही नाही.

थेंबसुद्धा पडला नाही. पाऊण तासात ढग माळशेजच्या दिशेनं निघून गेले आणि लख्ख ऊन पडलं.

चहाहून आलेले सगळे थेट काट्यांवर वाकले, वर कुणी बघितलंच नाही. वैशालीनं पुढचं माप घेतलं. मग परत घेतलं. मग बाळारामला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतलं. आठ. अर्ध्या तासानं साडेनऊ. नंतर अकराला टेकायला आलं. तिनं वहीवरून मान वर केली नाही. बाळाराम हळूच म्हणाला, "मॅडम, हा खांब मी स्वतः ठोकलाय. आवाज बरोबर होता. असा नाय बसणार."

"बसतोय ना पण," ती म्हणाली.

मी इतके दिवस म्हणत होतो तेच होत होतं. कातळाशिवाय पाया नाही. माझं खरं ठरत होतं आणि मला ते मुळीच नको होतं. लेकीचा चेहरा बघवेना. बांधावर यमुनाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना गेज वाचता येत नव्हते, पण आमचे चेहरे येत होते.

मी खुर्ची सरकवायला उठलो, कारण पायांना चटका बसत होता. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या पायांवर ऊन आहे. पायांवर आहे म्हणजे पट्टीवरही आहे. मी जाऊन पट्टीला बोट लावलं. तव्यासारखी तापली होती.

"वैशू," मी म्हणालो, "ताडपत्री मी सोडली. यमुनाबाईंचा भात भिजेल म्हणून. मी सोडली आणि कुणाला सांगितलं नाही."

तिनं पट्टीकडं पाहिलं. पट्टी वरून तापून मधोमध किंचित उचलली गेली होती. तिच्याबरोबर गेज वर गेले होते, आणि काट्यांना वाटत होतं ताटलीच खाली चाललीय. जन्मभर यंत्रावर छत्री धरवून घेतलेला माणूस मी, आणि मलाच हे सुचू नये. मला फार लाज वाटली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "छत्री कुठाय?"

छत्री खुर्चीला अडकवलेली होती. मी ती उघडून पट्टीवर धरली, पण पट्टी लांब आणि छत्री एक. यमुनाबाई म्हणाल्या, "ताडपत्रीवर आता भात पसरलाय, थांबा, गोला करते." वैशाली म्हणाली, "राहू दे भात. छत्र्या आहेत का पाड्यावर?"

त्या गेल्या त्या पाच-सहा बायकांना आणि जेवणाच्या सुट्टीतल्या चार पोरींना घेऊन आल्या. प्रत्येकीच्या हातात पावसाळ्यातली छत्री. एक फुलाफुलांची, एक काडी मोडलेली, एकीवर शाळेचं नाव. वैशालीनं फळ्या टाकून सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. "पाय हलवायचा नाही. खोकला आला तर छत्री शेजारच्याला द्यायची." कोरड्या रखरखीत उन्हात, भाताच्या खाचरात, एका लोखंडी पट्टीवर आम्ही दहा-बारा जण छत्र्या धरून उभे. रस्त्यानं जाणारा एक रिक्षावाला गाडी थांबवून बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्यानं बाळारामला विचारलं, "कोण वारलं काय?"

पोरींना हसू आवरेना. वैशालीनं डोळे वटारले तेव्हा त्यांनी श्वास कोंडून धरले.

पट्टी निवत गेली. काटा अकराजवळ होता. मग दहा. मग नऊ. बाळाराम वाकून बघत होता. खचलेली जमीन डोक्यावर वजन असताना परत वर येत नाही, हे तर मलाही मान्य करावं लागेल. काटा मागे येत होता म्हणजे हलली होती ती पट्टी, खांब नव्हे. साडेसातला तो थांबला. मग थांबूनच राहिला.

पोरी घंटा झाली तशा हॉलकडे पळाल्या, बायका एकेक करून कामाला गेल्या, यमुनाबाईंनी भात गोळा करून ताडपत्री आणून दिली. मी ऊन कलेपर्यंत उभा होतो. खांदे भरून आले होते. वैशालीनं दोनदा खुर्ची आणून ठेवली, मी बसलो नाही.

दुसरी सकाळ

रात्रीची मापं दुसऱ्या पाळीच्या लोकांनी घेतली. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा धसकटांवर दव होतं. वैशालीनं चारही गेज वाचले, चष्मा पुसून परत वाचले आणि वही बाळारामकडं दिली. साडेआठ.

यमुनाबाई बांधावर होत्याच. "मंग? शाला हितंच?"

"इथंच," वैशाली म्हणाली.

 यमुनाबाईंनी खाली वाकून खडीच्या ढिगातले दोन खडे उचलले, आज भरायच्या खांबाच्या नळीत टाकले आणि हात लुगड्याला पुसले. दुपारी पाड्यावरून नव्या तांदळाचं एक गाठोडं आलं. तो तांदूळ आम्ही इथं दहिवडीत शिजवला. वास सगळ्या आळीत गेला.

निघायच्या दिवशी मी साइटवर गेलो तेव्हा बाळाराम नवा खांब भरत होता. मी पहार मागितली नाही. शेजारी उभा राहून आवाज बदलेपर्यंत ऐकला आणि मग त्याला मान हलवून खूण केली. त्यानं नळी वर घेतली. माझ्या खुणेवर घेतली की स्वतःच्या कानावर, ते मी विचारलं नाही.

वैशाली ऑफिसच्या शेडमध्ये फोनवर होती. टेबलावर चाचणीची वही उघडी होती. जुनी सवय, मी चष्मा लावून मापं तपासायला बसलो. वेळ, वजन, चार गेज, सरासरी, सगळं नीट मांडलेलं. दुपारची आठ, साडेनऊ, अकरा ही मापंही खोडली नव्हती, त्यांच्यापुढं कारण लिहिलं होतं. आणि त्याच्या पुढच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, तिच्या बारीक सरळ अक्षरात : "छत्री : आप्पा."

छत्री मी शेडच्या खिळ्याला अडकवून आलो.